मुलांचे बोबडे बोलणे: वाट किती पाहायची आणि घरी काय करायचे?

दोन-अडीच वर्षांचे मूल ‘कापूस’ला ‘तापूत’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणते तेव्हा घरात सगळ्यांना त्याचे कौतुक वाटते. तेच मूल पाच वर्षांचे झाले, पहिलीत जायची वेळ आली आणि तरीही तसेच बोलत असेल, तर आईच्या मनात काळजी सुरू होते. मग सल्ले मिळतात. ‘याचा बापही उशिराच नीट बोलला’, ‘जीभ जड आहे’, ‘शाळेत गेला की आपोआप सुधारेल’. काही मुलांच्या बाबतीत हे खरेही ठरते. पण कोणत्या मुलाच्या बाबतीत खरे ठरेल, हे नुसती वाट पाहून कळत नाही. ते तपासणीनेच कळते.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात असलेल्या गिरडसारख्या गावात हा प्रश्न आणखी अवघड होतो. वाचा उपचारतज्ज्ञ, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट, अशा गावांत सहसा बसत नाहीत. त्यासाठी वर्धा, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते. एक फेरी म्हणजे गाडीभाडे आणि एका दिवसाची मजुरी. म्हणून इथल्या पालकांना दोन गोष्टी नीट माहीत असायला हव्यात. कोणत्या मुलाला वेळ न घालवता दाखवायचे, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरी काय करायचे. स्पीच थेरपीचा रस्ता तज्ज्ञ आखून देतात, पण त्या रस्त्यावर रोज चालणे घरीच होते.

तीन वेगवेगळ्या तक्रारी

‘मूल नीट बोलत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

- अस्पष्ट किंवा बोबडे बोलणे: मूल भरपूर बोलते, वाक्ये करते, पण काही उच्चार चुकतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला समजत नाही.
- उशिरा किंवा कमी बोलणे: वयाच्या मानाने शब्दच कमी असतात, वाक्ये जुळत नाहीत.
- तोतरे बोलणे: उच्चार बरोबर असतात, पण मूल शब्दावर अडकते. ‘म-म-मला’ असे होते.

या लेखात मुख्यतः पहिल्या तक्रारीबद्दल माहिती आहे. एकाच मुलात दोन तक्रारी असू शकतात, म्हणून डॉक्टरांना सांगताना मूल नेमके कसे बोलते ते सांगा. मोबाइलवर दोन मिनिटांचे त्याचे घरातले बोलणे रेकॉर्ड करून नेलेत तर फारच चांगले. अनोळखी खोलीत अनेक मुले तोंडच उघडत नाहीत.

कोणत्या वयात किती स्पष्ट बोलावे?

आईला मुलाचे सगळेच समजते, त्यामुळे आईच्या समजण्यावरून अंदाज करू नये. शेजारी, दुकानदार, पाहुणे यांना किती समजते ते पाहावे. साधारण अंदाज असा:

- २ वर्षे: बाहेरच्या माणसाला निम्मे बोलणे समजते.
- ३ वर्षे: चारपैकी तीन वाक्ये समजतात.
- ४ वर्षे: जवळजवळ सगळे समजते, एखाददुसरा उच्चार चुकला तरी चालतो.

सगळे उच्चार एकदम येत नाहीत. ‘प, ब, म, त, द, न’ असे ओठांनी आणि जिभेच्या टोकाने होणारे उच्चार लवकर येतात. ‘क’ आणि ‘ग’ साठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. बरीच मुले सुरुवातीला तिथे ‘त’ आणि ‘द’ वापरतात. साडेतीन-चार वर्षांपर्यंत ही सवय सुटायला हवी. ‘स, श’ त्यानंतर पक्के होतात. ‘र’ आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी येतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाने ‘राम’ला ‘लाम’ म्हटले तर घाबरू नका. पण चार वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, किंवा शब्दांचे शेवटचे अक्षरच खात असेल, तर दाखवून घ्या.

गावची बोली म्हणजे दोष नव्हे

विदर्भातील पालकांनी आणि शिक्षकांनी हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. गिरडच्या मुलाने ‘डोया’ म्हटले तर त्याची जीभ अडखळलेली नाही. त्याने आपल्या आजीकडून भाषा अगदी बरोबर उचलली आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. मूल जसे बोलते तसेच घरातील मोठी माणसे बोलत असतील, तर ती बोली आहे. घरात कोणीच तसे बोलत नसेल, तर तो उच्चारदोष असू शकतो. तज्ज्ञ बाहेरगावचे असतील तर आईने स्वतःहून सांगावे, ‘आमच्या घरी सगळे पानीच म्हणतात.’ नाहीतर जे मुळात चुकलेलेच नाही, ते सुधारण्यात मुलाचे दिवस जातील. पुस्तकी उच्चार मूल शाळेत हळूहळू शिकते. तो शिक्षणाचा भाग आहे, उपचाराचा नाही.

तसेच, घरात मराठीबरोबर हिंदी किंवा उर्दू बोलली जात असेल तर त्यामुळे मूल बोबडे होत नाही. दोन भाषांची मुले दोन्ही शिकतात. खरा उच्चारदोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. त्यासाठी घरची भाषा बंद करू नका.

सर्वांत आधी कान

अस्पष्ट बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी आधी व्हायला हवी. यावर पालक बहुतेकदा म्हणतात, ‘ऐकू येते हो, थाळी वाजवली की लगेच वळून बघतो.’ इथेच फसगत होते.

थाळीचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले स्वर, म्हणजे ‘आ, ओ, ई’, हेही बऱ्यापैकी मोठे असतात. पण ‘स, श, त, क, फ’ हे उच्चार हळू आणि बारीक असतात. थोडे कमी ऐकू येणाऱ्या मुलाला हाक ऐकू येते, दाराची कडी ऐकू येते, पण ‘साप’ आणि ‘ताप’ यांतला फरक ऐकू येत नाही. जे ऐकूच येत नाही, ते बोलता कसे येणार?

लहान मुलांत वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साचणे आणि कान वाहणे ही कमी ऐकू येण्याची नेहमीची कारणे आहेत. ती बहुतेक वेळा बरी करता येतात. कानात गरम तेल किंवा कोणताही रस टाकू नका. पडद्याला छिद्र असेल तर त्याने नुकसान होते.

तपासणी दुखत नाही. कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ओ.ए.ई. तपासणी नवजात बाळाचीही करता येते. पडद्यामागे पाणी आहे का, हे पाहण्यासाठी टिंपॅनोमेट्री असते. गरज पडल्यास मूल झोपलेले असताना बेरा ही तपासणी करतात. मोठ्या मुलांना आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायला सांगून खेळता खेळता ऐकणे तपासतात.

कायमचा श्रवणदोष असेल तर प्रत्येक महिना मोलाचा असतो. बाळ एक महिन्याचे होईपर्यंत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र व उपचारांची सुरुवात, असा जगभर पाळला जाणारा नियम आहे.

‘जीभ जड आहे’ म्हणजे काय?

जिभेखालचा तंतू आखूड असेल तर तो कापला की मूल बोलू लागेल, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आखूड तंतूमुळे उच्चार बिघडणे फार कमी वेळा घडते. ‘क’ आणि ‘ग’ तर जिभेच्या मागच्या भागाने होतात, त्यांचा या तंतूशी संबंध नाही. तंतू कापायचा की नाही, हे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट यांनी मिळून ठरवावे. बोलणे उशिरा सुरू होण्याचे कारण तर तो नसतोच.

वेखंड उगाळून जिभेला लावण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. त्याने उच्चार सुधारत नाहीत. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर अजिबात चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे आणि सर्व धर्मांचे लोक तिथे श्रद्धेने जातात. मुलासाठी कोणी नवस बोलले तर त्याला डॉक्टरांची हरकत असण्याचे कारण नाही. फक्त नवस फेडायची वेळ येईपर्यंत कानांची तपासणी थांबवून ठेवू नका.

मग खरी कारणे कोणती?

बोबडे बोलणाऱ्या बहुतेक मुलांत कान, टाळू, जीभ, मेंदू यांपैकी कशातही दोष सापडत नाही. मुलाने उच्चारांची चुकीची पद्धत पक्की केलेली असते. अशा मुलांना स्पीच थेरपीचा सर्वांत चांगला उपयोग होतो. काहींत मात्र कारण सापडते:

- कमी ऐकू येणे.
- दुभंगलेला टाळू. कधी वरची त्वचा जुळलेली असते आणि आतले स्नायू दुभंगलेले असतात. बोलणे नाकातून येते, लहानपणी दूध नाकातून आलेले असते.
- मेंदूच्या विकारामुळे ओठ-जिभेचे स्नायू कमजोर किंवा ताठर असणे. सोबत लाळ गळणे, चावायला-गिळायला त्रास होणे.
- स्नायू ठीक असूनही मेंदूला उच्चारांची जुळणी न जमणे. असे मूल एकच शब्द प्रत्येक वेळी वेगळ्या पद्धतीने चुकवते.
- बौद्धिक विकास मागे असणे किंवा स्वमग्नता. यात बोलण्याबरोबर समजणे, खेळणे, नजर देणे यांतही फरक दिसतो.

स्पीच थेरपीत नेमके काय करतात?

तिथे औषध, इंजेक्शन किंवा मशीन नसते. पहिल्या भेटीत तज्ज्ञ चित्रे दाखवून मुलाला नावे सांगायला लावतात. कोणता उच्चार शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये की शेवटी चुकतो, याची नोंद करतात. तोंड, टाळू, दात पाहतात. त्यानंतर एका वेळी एक-दोन उच्चार निवडून पायरी पायरीने काम होते.

समजा, साडेचार वर्षांची एक मुलगी ‘क’ला ‘त’ म्हणते. तिचा क्रम साधारण असा असेल:

1. ऐकून ओळखणे: ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रे समोर ठेवायची. आपण एक शब्द बोलायचा, तिने चित्राला हात लावायचा. ती स्वतः अजून काही म्हणत नाही.
2. सुटा उच्चार: ‘क’ कसा काढायचा हे तज्ज्ञ दाखवतात. गुळण्या करताना घशाशी जी जागा जाणवते, तिथे लक्ष वेधतात.
3. अक्षर: का, की, कू, के, को.
4. शब्द: आधी ‘कान, कार, कपडा’, मग ‘चाक, नाक’, मग ‘मका, टोकरी’.
5. वाक्य: ‘काका कापूस काढतो.’
6. रोजचे बोलणे: भांडताना, खेळताना, घाईत असतानाही ‘क’ बरोबर येणे.

एका पायरीवर दहापैकी आठ वेळा बरोबर आले की पुढची पायरी. चौथ्या पायरीपर्यंत अनेक मुले लवकर पोचतात आणि पालक येणे बंद करतात. पण सहावी पायरी गाठली नाही तर जुनी सवय परत येते.

किती दिवस लागतील? एखाददुसराच उच्चार चुकत असेल तर काही महिने. अनेक उच्चार चुकत असतील, टाळूची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मेंदूशी संबंधित कारण असेल तर त्याहून बराच जास्त काळ. ‘पंधरा दिवसांत हमखास’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घरी काय करावे?

तज्ज्ञांकडे पंधरा दिवसांतून अर्धा तास मिळतो. घरी रोज दहा मिनिटांचे दोन सराव केले तर पंधरा दिवसांत पाच तास होतात. फरक या पाच तासांनी पडतो.

- वेळ ठरवा. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. टीव्ही आणि मोबाइल बंद. मूल कंटाळण्याआधी थांबा.
- पाच चित्रे पुरतात. जुन्या कॅलेंडरमधून, बिस्किटाच्या पुड्यावरून कापून घ्या. घरातल्या वस्तूही चालतात.
- एका वेळी एकच उच्चार. तज्ज्ञांनी ‘क’ दिला असेल तर त्या दहा मिनिटांत ‘र’ चुकला तरी सोडून द्या.
- समोरासमोर बसा. मुलाला तुमचे तोंड दिसले पाहिजे. आरशासमोर दोघांनी बसणेही चांगले.
- अर्थ बदलणाऱ्या जोड्या वापरा. गार–दार, साप–ताप, रस–लस. मुलीने ‘दार’ म्हटले की खरोखर दाराकडे बोट दाखवा. तिला ‘गार’ म्हणायचे असेल तर आपल्या उच्चाराने अर्थच बदलला, हे तिला स्वतःला कळते. त्याने सुधारणा लवकर होते.

सरावाच्या वेळेबाहेर चुका काढू नका. मूल म्हणाले, ‘दाय आली’, तर तुम्ही नुसते म्हणा, ‘हो, गाय आली. गाय चारा खाते. गाय पांढरी आहे.’ मुलाला बरोबर शब्द तीनदा ऐकू आला आणि त्याचे बोलणेही तुटले नाही. भाकरी थापताना, कापूस वेचून आल्यावर, बाजाराला जाताना हे सहज करता येते. टेकडीवर सापडणाऱ्या गोल दगडांची गोष्ट आजोबांनी सांगावी आणि नातवाने ती आईला परत सांगावी. असे बोलणे कुठल्याही मोबाइल व्हिडिओपेक्षा उपयोगी आहे, कारण मोबाइल बोलतो, पण मुलाचे ऐकून उत्तर देत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच पाच चित्रांची नावे मुलाच्या आवाजात रेकॉर्ड करा. रोज पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही. तीन महिन्यांची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की तो कळतो, आणि तज्ज्ञांनाही पुढची दिशा ठरवता येते.

काय टाळावे?

- ‘आधी नीट म्हण, मगच देईन’ असे अडवून धरणे. अशाने मूल बोलण्याऐवजी बोट दाखवू लागते.
- पाहुण्यांसमोर बोबडे बोलून दाखवायला लावणे, नक्कल करणे, ‘बोबड्या’ असे नाव पाडणे.
- मुलाच्या वतीने भावंडांनीच सगळे बोलणे.
- लाडाने मोठ्यांनीही बोबडे बोलणे.
- फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, जीभ बाहेर-आत करणे यांवर वेळ घालवणे. खेळ म्हणून ठीक आहेत, पण त्यांनी उच्चार स्पष्ट होतात याला भक्कम पुरावा नाही. उच्चार सुधारण्यासाठी उच्चारांचाच सराव लागतो.

कुठे दाखवावे?

सुरुवात गावातूनच होते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डॉक्टरांच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यावे, अशी रचना आहे. श्रवणदोष, भाषेच्या विकासातील विलंब आणि दुभंगलेले ओठ-टाळू या गोष्टी त्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि शक्य असेल तर स्वतः हजर राहा. रांगेतल्या मुलाला दोन मिनिटांत पाहणाऱ्या डॉक्टरांना त्याचे बोलणे कळणार नाही, ते तुम्हीच सांगायला हवे. पथक पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देते.

पथकाची वाट न पाहता थेटही जाता येते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. निघण्याआधी फोन करून श्रवण तपासणीचा आणि स्पीच थेरपीचा वार विचारून घ्या, म्हणजे दोन्ही कामे एकाच फेरीत होतात. खासगी तज्ज्ञांकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. असे विचारण्यात काही गैर नाही.

लांबून येत असल्याचे पहिल्याच भेटीत सांगा. अनेक तज्ज्ञ महिन्यातून एक-दोन भेटी आणि मधे व्हिडिओ कॉल असे नियोजन करून देतात. सराव लिहून घ्या आणि तो एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा.

पहिलीत जाण्याआधी का?

मूल जसे बोलते तसेच अक्षर ओळखू आणि लिहू लागते. ज्याच्या तोंडी ‘क’ आणि ‘त’ एकच आहेत, त्याला ‘कापूस’ लिहिताना ‘तापूस’ लिहावेसे वाटते. पाच-साडेपाच वर्षांनंतरही बोलणे अस्पष्ट राहिलेल्या मुलांना वाचन-लेखनात अडचण येण्याची शक्यता जास्त असते. वर्गात मुले हसतात, म्हणून उत्तर येत असूनही असे मूल हात वर करत नाही, आणि मग त्याला अभ्यासात ‘कच्चे’ समजले जाते. शिक्षकांनी अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, बोलायला थोडा जास्त वेळ द्यावा आणि हसणाऱ्यांना थांबवावे.

सहा-सात वर्षांनंतर आलेल्या मुलांनाही थेरपीचा फायदा होतो. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. फक्त सवय जुनी असल्याने सराव जास्त लागतो.

वाट न पाहता लगेच दाखवा, जर

- बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल किंवा हाकेला वळत नसेल.
- एक वर्षाचे होऊनही ‘बाबा, दादा’ असे बडबडत नसेल.
- सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल.
- दोन वर्षांपर्यंत ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल.
- तीन वर्षांनंतर बाहेरच्यांना बहुतेक बोलणे समजत नसेल.
- कान वारंवार वाहत असेल, बोलणे नाकातून येत असेल, गिळायला त्रास होत असेल.
- येत असलेले शब्द कोणत्याही वयात बंद झाले असतील.

यांपैकी काहीच नसेल आणि मूल तीन वर्षांच्या आतले असेल, तर तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे घरी बोला, ऐकवा, रेकॉर्डिंग ठेवा. तीन महिन्यांनी बोलणे पुढे सरकले नसेल तर दाखवा. तपासणीत सगळे ठीक निघाले तर एका दिवसाची मजुरी गेली, एवढेच. दोष निघाला, तर मुलाचे पहिलीचे वर्ष वाचले.